आकाशदर्शनासाठी बायनॉक्युलर कसं निवडावं

बायनॉक्युलरवर १०×५० असं लिहिलेलं असतं. १० म्हणजे वर्धन, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते ते; ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. व्यासाला वर्धनाने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. इथे ५ मिमी. अंधारात तरुणांच्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमीपर्यंत उघडते, वयानुसार कमी. त्यामुळे पन्नाशीनंतर ७×५० च्या सुमारे ७ मिमी झोतातला बराच प्रकाश वाया जाऊ शकतो.

पहिलं बायनॉक्युलर १०×५० च घ्या. १५×७० चा मोह होतो, पण ट्रायपॉडशिवाय तारे नाचत राहतात. झूमवालं तर नकोच, दृष्टिक्षेत्र फार अरुंद मिळतं.

घेण्याआधी ते हातभर लांब, उजेडाकडे धरून नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, बघा. प्रकाशाची चकती पूर्ण गोल हवी. कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर आतलं प्रिझम (प्रकाश वळवणारी काच) सहसा हलक्या प्रतीच्या काचेचं असतं. मग दूरचा दिवा पाहा. एकाचे दोन दिसले किंवा डोळ्यांवर ताण आला, तर दोन्ही नळ्या समांतर नाहीत. असा नग सरळ नाकारा, घरी तो नीट होत नाही. चष्मा लावूनच पाहणार असाल तर आय रिलीफ, म्हणजे नेत्रिकेपासून डोळा जितका लांब ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर, किमान १५ मिमी हवा.