शेंगदाण्यात बुरशीचं विष होऊ नये म्हणून

आमच्या कागल भागात खरिपाचा भुईमूग काढायला आला की परतीचा पाऊस हमखास गाठतो. ओल्या शेंगांचा ढीग झाकून ठेवला की तो आतून तापतो आणि अस्परजिलस फ्लेवस ही हिरवट-पिवळी बुरशी धरते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवते. त्यातल्या बी-1 या प्रकारानं यकृताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालंय. 1960 साली इंग्लंडात एक लाखावर टर्की पक्षी मेले, ते भुईमुगाच्या बुरसट पेंडीनं. तिथूनच हे विष माहीत झालं. भाजून ते पुरतं जात नाही, म्हणून वाळवणीतच जीव ओता.

वेल उपटले की माती झटका आणि पाला खाली, शेंगा वर असे पालथे घाला. तोडलेल्या शेंगा ताडपत्रीवर पातळ पसरा, वरचेवर हात फिरवा. ढग आले तर सोप्यात, पत्र्याखाली पसरा, पण ढीग लावू नका. शेंग कानाशी हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे, चोळला की साल सुटली पाहिजे, दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. दाण्यातली ओल 7 टक्क्यांच्या आत हवी. हुमणी अळीनं कुरतडलेल्या, खुरप्यानं फुटलेल्या शेंगा आधीच वेगळ्या काढा. बुरशी तिथूनच आत शिरते.

साठवण बारदानात, फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. शेंगाच ठेवा, लागतील तसे दाणे काढा. मशीनवर शेंगा नीट फुटाव्यात म्हणून पाणी मारतात, ते अजिबात मारू देऊ नका. आठवडाभराची मेहनत पाच मिनिटांत भिजते.

कुटासाठी दाणे भाजण्याआधी ताटात घेऊन उजेडात निवडा. सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले दाणे बाजूला. कडू लागला तर थुंकून टाका, गिळू नका. वरून चांगल्या दिसणाऱ्या दाण्यातही विष असू शकतं, म्हणून ओल लागलेलं पोतं निवडून वापरायच्या भरीस पडू नका.

आणि ते खराब दाणे म्हशीला घालायची आपल्याकडची सवय आधी मोडा. जनावराच्या पोटात गेलेलं बी-1 दुधात एम-1 या विषाच्या रूपात उतरतं, आणि दूध तापवलं तरी ते राहतंच. बुरसट पेंडीचंही तेच. नाकाला फडकं बांधून असला माल गोठ्यापासून लांब, खोल खड्ड्यात पुरा.