कोकणात दोन दिवस कॅमेरा घेऊन जाताय? या चुका टाळा

पुण्या-मुंबईहून शुक्रवारी रात्री निघून पक्ष्यांच्या फोटोंसाठी आंजर्ले, वेळास गाठणारे बहुतेक जण फक्त सूर्योदयाची वेळ बघून येतात. सगळ्यात मोठी चूक हीच. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचा दिवस भरती-ओहोटीवर ठरतो. पूर्ण ओहोटीला तुतवार, चिखले असे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी दूरवर पांगतात आणि ६०० मिमी लेन्समधूनही ठिपक्याएवढेच दिसतात. चढत्या भरतीला मात्र पाणीच त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. म्हणून भरतीच्या दोन तास आधी जागा धरून, वाळूवर आडवे होऊन स्वस्थ राहा. वेळेचा अंदाज किनाऱ्यावरच्या जुन्या हिशेबाने येतो: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला ३च्या सुमारास भरती, अष्टमीला ६च्या. रोज ती साधारण ५० मिनिटं पुढे जाते. दालदी-कोळ्यांना, म्हणजे तिथल्या मच्छीमारांना विचारलंत तर आणखी नेमकं कळेल.

कुरवांचे (सीगल) पंख फोटोत फक्क पांढरे येतात? मागचं गडद पाणी बघून कॅमेरा उजेड वाढवतो. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप उतरवा. मागे फेस असेल तर उलट, थोडं चढवा. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० ठेवा, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढला तरी चालेल.

उडतानाचा फोटो हवा म्हणून थव्यात धावत जाऊ नका, फरसाणही फेकू नका. हे कुरव लडाख, मध्य आशियाकडे परतण्याआधी अंगात चरबी साठवत असतात. तुमच्या एका फ्रेमसाठी त्यांची ताकद खर्च व्हावी, हे मला अजिबात पटत नाही.

वेळासला कासवाची पिल्लं सोडतात तेव्हा फ्लॅश, टॉर्च, मोबाइलचा दिवा, सगळं बंद. पिल्लं उजेडाच्या दिशेने सरकतात, त्यामुळे भलत्या दिव्याने वाट चुकते. दोरीच्या अलीकडेच बसा. ‘एक पिल्लू हातावर ठेवा ना’ असा आग्रह कार्यकर्त्यांना करू नका.

लेन्सवर वाफ धरते ती एसीच्या खोलीतून थेट दमट हवेत आल्यामुळे. बॅग अर्धा तास बाहेर बंदच ठेवा. खारं पाणी उडालं तर कोरड्या फडक्याने घासू नका, आधी ओलसर कापडाने मीठ टिपून घ्या.

गावातल्या जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाचं (हॉर्नबिल) घरटं असेल, तर तिथे विशेष जपा. मादी आत स्वतःला लिंपून घेते, तिचं आणि पिल्लांचं पोट नराच्या फेऱ्यांवर. नर चोचीत फळ घेऊन शेजारच्या झाडावर नुसताच बसून राहिला, तर तो तुमच्यामुळे अडलाय. ताबडतोब मागे हटा.