शहराचे मोठे प्रोजेक्ट आणि पैसा: या चुका टाळा, निदान पहिल्या दोन तरी

नवीन निवडून आलेला नगरसेवक असो नाहीतर नुकताच जॉइन झालेला इंजिनिअर, पहिला प्रश्न ठरलेला, "निधी कुठून आणायचा?" अरे बाबांनो, निधी येतो. केंद्राची अमृत योजना आहे, वित्त आयोग आहे, राज्याची नगरोत्थान योजना आहे, बाँड म्हणजे कर्जरोखे आहेत, बँका कर्ज द्यायला बसल्यात. इतकी वर्षं डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचे सविस्तर अहवाल, करतोय, पैसा नाही म्हणून अडलेली कामं मी कमी बघितली, पैसा हातात असून अडलेलीच जास्त.

१. जागा ताब्यात नाही आणि वर्क ऑर्डर निघाली

पुण्याचा कात्रज-कोंढवा रस्ता घ्या. ८४ मीटर रुंद करायचा ठरला, २०१८ मध्ये काम सुरू झालं, आणि जागा तेव्हा बरीचशी लोकांच्याच नावावर. टीडीआर देऊ, म्हणजे जागेच्या बदल्यात पैशांऐवजी दुसरीकडे जादा बांधकाम करायचा विकता येणारा हक्क, घेतील लोक, असा हिशोब होता. पण मोक्याच्या रस्त्याला ज्याची जमीन आहे तो टीडीआरचं सर्टिफिकेट घेऊन काय करणार, त्याला रोख पाहिजे, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याने रोख द्यायची म्हणजे शहरातसुद्धा बाजारभावाच्या साधारण दुप्पट. मग जागेचाच आकडा रस्त्याच्या खर्चाच्या पुढे गेला आणि शेवटी रुंदी ५० मीटरवर आली. मधल्या काळात लोक काय, गाड्या घेऊन कधी नव्या तुकड्यावर कधी जुन्या खड्ड्यात.

"ऐंशी टक्के जागा आलीय साहेब, बाकीची होईल", हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ऐंशी टक्के पाइपलाइनमधून ऐंशी टक्के पाणी जात नाही, शून्य जातं.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे नाही. डीपीआर उघडायच्या आधी मोजणीचा नकाशा, सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड मागवतो आणि स्केचपेनने रंगवतो. ताब्यात असेल ते हिरवं, बोलणी चालू ते पिवळं, कोर्टात गेलेलं लाल. लाल तुकडा मधोमध असेल तर मी टेंडरच्या फाइलला हात लावत नाही, मग कोणाचाही फोन येऊ दे. जीआयएसवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या नकाशावर, हेच करता येतं, माहितीये मला, पण स्केचपेनचा नकाशा मिटिंगमध्ये टेबलावर पसरला की सगळे गप्प होतात.

याचाच सख्खा भाऊ म्हणजे काम तयार नसताना पैसा उचलणं. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे बाँड काढले, ७.५९ टक्के व्याज, १० वर्षं मुदत. देशभर कौतुक झालं, आणि बाँड काढणं चुकीचं नव्हतंच. पण टेंडर चढ्या दराने आले म्हणून रद्द झाले, फेरटेंडर करावं लागलं, तोवर पैसा बँकेत पडून. व्याज मात्र वर्षाला १५ कोटींच्या वर, ते थोडंच थांबतं! टेंडर उघडून दर ठरल्याशिवाय कर्ज उचलू नका, एवढंच.

२. बांधायचा खर्च धरला, चालवायचा नाही

एका नगरपरिषदेने, नाव नको, सांडपाण्याचा प्लँट बांधला, अनुदानातून. उद्घाटनाचे फोटो झकास. नंतर मला कशाला तरी बोलावलं म्हणून बघायला गेलो तर कुलूप उघडायलाच अर्धा तास, कारण चावी ज्याच्याकडे तो पाणी सोडायला गेलेला. आत पॅनल रूममध्ये पॅनलवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच. टाकीत हवा सोडणारे ब्लोअर बंद, टाकीत शेवाळ, आणि टाकी पाऊण रिकामी. मी विचारलं, बिल थकलं म्हणून वीज तोडली का? तर म्हणे वीज नंतर तोडली, आधी सांडपाणीच येत नव्हतं.

झालं असं की रस्त्यातून मेन लाइन टाकली, चेंबर बांधले, पण घरापासून चेंबरपर्यंतची जोडणी कोणाच्याच इस्टिमेटमध्ये नाही. कन्सल्टंट म्हणतो ते नागरिकांनी करायचं. आता ज्याच्या दारात सेप्टिक टँक बरा चाललाय तो स्वतःचं अंगण फोडून खिशातले पैसे कशाला घालेल? मग चार-दोन अपार्टमेंट सोडून कोणी जोडलंच नाही. तेवढ्या पाण्यावर प्लँट चालत नाही, प्लँट बंद म्हणून वापर शुल्क लावता येत नाही, शुल्क नाही म्हणून वीजबिलाला पैसे नाहीत, आणि पाणीपट्टी वाढवा म्हटलं की निवडणूक जवळ आलेली असतेच. डीपीआरमध्ये देखभालीचं प्रकरण होतं बरं का, शेवटून दुसरं, कोणी वाचलं नाही.

मी आता हेच प्रकरण आधी लिहितो. वीज, माणसं, केमिकल, दुरुस्ती, वर्षाला किती आणि बजेटच्या कोणत्या हेडमधून, हे अकाउंट्सवाल्याच्या सहीने घेतो. सही करताना त्याचा चेहरा बघायचा, तिथेच प्रोजेक्टचं भविष्य कळतं. घरजोडणी इस्टिमेटमध्येच धरायची. शॉर्टकट मारणारे म्हणतात त्याने खर्च फुगतो आणि मंजुरी अडते. अडू दे की.

बाकीच्या, पटापट

अनुदान म्हणजे फुकट नाही, स्वहिस्सा, म्हणजे आपण घालायचा वाटा, आधी बाजूला काढा.

रस्ता आधी काँक्रीट करायचा आणि मग ड्रेनेज टाकायला तोच फोडायचा. यावर मी बोलायचं सोडलंय.

लोकसंख्येचा अंदाज नुसत्या जनगणनेच्या फॉर्म्युल्याने काढू नका. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला २३, फॉर्म्युल्याला काय कळणार? बांधकाम परवानग्या मोजा आणि टँकरच्या खेपा मोजा.

काम दोन-तीन वर्षं चालणार असेल तर महापालिका कायद्यातल्या ७२ ब ची, म्हणजे अनेक वर्षं चालणाऱ्या कामाच्या खर्चाची, मान्यता घेऊन पुढच्या वर्षांच्या तरतुदी बांधून ठेवा, नाहीतर मार्चच्या आधी वर्गीकरण करून, म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्याकडे वळवून, तुमचे पैसे कोणाच्या तरी प्रभागातल्या पेव्हर ब्लॉकला जातात.

उत्पन्न फुगवून बजेट मांडू नका. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, जीएसटीच्या भरपाईचा चेक सरकारच्या हातात. स्वतःच्या हातात उरली घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीचे पैसे, त्यातलं बांधकाम मार्केट बसलं की आटतं. आणि घरपट्टीला हात लावायची हिंमत कोणात नाही. पुण्यात राहत्या घराला १९७० पासून ४० टक्के सवलत होती, मध्ये काही वर्षं बंद झाली, २०२३ ला परत आणली. मतदार म्हणून मलाही बरं वाटेल हो, पण कर्ज मागायला जाल तेव्हा पत ठरवणारे रेटिंगवाले भाषणं ऐकत नाहीत, मागणी किती आणि वसुली किती ते विचारतात. तीन वर्षांचा तो तक्ता, थकबाकी वेगळी आणि चालू वेगळी दाखवून, आधी तयार ठेवा. दोन्ही एकत्र करून टक्का चांगला दाखवायची युक्ती त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळते.