पावसाळी बेटावर मुलांना घेऊन कॅम्पिंग करताय? आधी तंबू कोरडा ठेवायला शिका

पाऊस वरून पडतो म्हणून तंबूत पाणीही वरूनच येणार असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. जंगलाच्या बेटांवर पोरांना घेऊन इतक्या वेळा राहिलेय, आणि आमचा तंबू जेव्हा जेव्हा भिजला तेव्हा पाणी एकतर खालून आलं नाहीतर आतून. म्हणून सामानाची मोठी यादी देत बसत नाही, ती तुम्ही करालच.

१. सामान. कॉटन घरी ठेवा, जीन्स तर अजिबातच नको. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं आणि त्या दमट हवेत कॉटन दोन-दोन दिवस वाळत नाही. लोकरीचं किंवा सिंथेटिक घ्या. प्रत्येक मुलाचा झोपायचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, ती पिशवी फक्त रात्री आणि फक्त तंबूत उघडायची, दुपारी कितीही भोकाड पसरलं तरी नाही. खायचं एक दिवसाचं जास्त घ्या, कारण हवा बिघडली की बोट सुटत नाही आणि उद्या ऑफिस आहे हे बोटवाल्याला सांगून काही होत नाही.

२. जागा. आधी वर बघा. वाळकी फांदी, अर्धवट मोडलेलं झाड डोक्यावर असेल तर पुढे चला. मग खाली बघा. जंगलातला तो छान सपाट मोकळा तुकडा बऱ्याचदा पाणी साचतं म्हणूनच सपाट आणि मोकळा असतो, पानं चिखलात दबून चिकटलेली दिसली की समजायचं. किनाऱ्याजवळ लावणार असाल तर वाळक्या शेवाळाची ओळ म्हणजे भरतीची हद्द, पण तेवढ्यावर विसंबू नका, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी त्याच्याही वर येतं. भरतीचं वेळापत्रक बघूनच जा.

३. टार्प, म्हणजे पाऊस अडवायला वर बांधायचं मोठं वॉटरप्रूफ कापड. आधी टार्प, मग तंबू. हे उलटं करणारे लोक भर पावसात तंबूचं आतलं कापड उघडून बसतात आणि सुरुवातच ओली करतात. टार्प बॅगेत सगळ्यात वर हवा, तो लागला की पोरांना खाऊ देऊन त्याखाली बसवायचं आणि मग निवांत तंबू लावायचा.

मी पहिली काही वर्षं टार्प मांडवासारखा सपाट बांधायचे. मध्ये पाण्याचं पोट सुटायचं, आम्ही काठीने ढोसून ते रिकामं करायचो, आणि एकदा ते पोट बरोबर शिजत आलेल्या भातावर फुटलं. सपाट बांधायचाच नाही. दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर एक दोरी ताठ बांधा, टार्प त्यावर घराच्या छपरासारखा टाका, आणि वाऱ्याकडची बाजू गुडघ्याइतकी खाली ओढा. नायलॉन भिजलं की सैल पडतं, पॉलिएस्टर त्यामानाने कमी, म्हणून तासाभराने आणि झोपायच्या आधी परत ताणायचं. सरकणारी गाठ घरीच शिकून जा, गारठलेल्या बोटांनी अंधारात गाठ सोडणं म्हणजे नवरा-बायकोच्या भांडणाला आमंत्रण.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. झाडाच्या खोडावरून पाणी दोरीवर येतं आणि दोरीवरून सरळ टार्पखाली. टार्पच्या कडेच्या जरा बाहेर, झाडाच्या बाजूला, दोन्ही टोकांना, दोरीवर सुतळीचा एक तुकडा लोंबता बांधा, पाणी तिथेच गळून पडतं.

४. ग्राउंडशीट. इथे मी खरी फसले. तंबूखाली भलंमोठं प्लॅस्टिक घातलं, चारी बाजूंनी वीतभर बाहेर, म्हटलं जितकं मोठं तितकं चांगलं. रात्री दोनला धाकटी म्हणते, "आई, माझी उशी ओली झालीये." टॉर्च लावून बघते तर तंबूवरून ओघळणारं पाणी त्या बाहेरच्या प्लॅस्टिकवर पडून सरळ आमच्याखाली येत होतं, आम्ही पाण्याच्या परातीवर झोपलो होतो, आणि वरून अंगाचं वजन पडलं की साचलेलं पाणी फ्लोअरमधून वर येतंच. ग्राउंडशीट तंबूच्या फ्लोअरपेक्षा सगळीकडून ५ ते ७ सेंटिमीटर आत हवं. मोठं असेल तर कडा खालच्या बाजूला दुमडा, वर दुमडल्या तर परातच होते. तंबू लावून झाल्यावर एक फेरी मारून बघा, कुठे टोक बाहेर डोकावतंय का.

तंबूभोवती चर खणा हा सल्ला अजूनही फिरतोय. खणू नका. मुळं तुटतात, माती वाहून जाते, कितीतरी कॅम्पसाइटवर त्याला बंदी असते, आणि चर खणायची वेळ आली असेल तर तुमची जागाच चुकलीये.

५. आतलं पाणी. गार लागतं म्हणून लोक तंबूच्या सगळ्या खिडक्या, जाळ्या बंद करतात. मग चार जणांचा रात्रभराचा श्वास कापडावर थंड होतो आणि सकाळी थेंब थेंब अंगावर. आमच्याकडे दोन वर्षं नवरा शिवणींना सीलंट फासत होता, गळत काहीच नव्हतं, आमचाच श्वास होता तो. वरच्या जाळ्या उघड्या ठेवा, बाहेरचं कव्हर आतल्या कापडाला चिकटू देऊ नका, ओले कपडे आणि बूट टार्पखाली.

पण म्हणून स्टोव्ह आत घेऊन तंबू गरम करायचा विचारही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तंबूच्या पुढच्या पडवीतही नाही, स्वयंपाक टार्पखाली, उघड्यावर, तंबूपासून लांब.

६. पोरांवर लक्ष. कुडकुडणं, अडखळत चालणं, बोलणं जड होणं दिसलं की खेळ बंद, ओलं सगळं काढा, झोपायचा तो कोरडा जोड, स्लीपिंग बॅग, नीट जागं असेल तर गरम गोड काहीतरी प्यायला. अंगाचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया, आणि त्याला बर्फ लागत नाही, १० अंशातही भिजून वाऱ्यात राहिलं तर होतो. कुडकुडणारं मूल एकदम गप्प, सुस्त झालं आणि अंग अजून गारच असेल तर ते बरं झालेलं नाही, जास्त बिघडलंय, तेव्हा डॉक्टरी मदत मागवायची.

७. शेकोटी. परवानगी असेल तरच. जमिनीवर पडलेलं लाकूड सोडा, भिजून लोळागोळा झालेलं असतं. आडवं न पडता कुठेतरी अडकून राहिलेलं वाळकं लाकूड मिळालं तर फोडा, आतून कोरडं निघतं.

८. आवरताना. उलट क्रम, टार्प सगळ्यात शेवटी. ओला तंबू वेगळ्या पिशवीत, आणि घरी पोचलात की त्याच दिवशी उघडून वाळत घाला, दाराच्या वर लटकवा, पंख्याखाली पसरा, काहीही करा. मी एकदा आठवडाभर विसरले तर बुरशीचे काळे डाग पडले आणि नंतर आतलं कोटिंग चिकट होऊन पापुद्रे सुटायला लागले. तो तंबू आता पोरं घरात किल्ला म्हणून वापरतात.