कानाचं मशीन घेताना या चुका टाळा

दोन्ही कानांना मशीन लावून मला आता अकरा वर्षं झाली. त्यामुळे नात्यात, सोसायटीत कुणाला ऐकू कमी यायला लागलं की मला फोन येतो. दुर्दैवाने तो येतो पैसे भरून झाल्यावर. "मशीन घेतलंय हो, पण बाबा लावतच नाहीत." हे ऐकून जीव तुटतो, कारण त्यातल्या बहुतेकांचं मशीन चांगलं असतं. चुकतं ते त्याआधी आणि त्यानंतर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तपासणी आणि खरेदी एकाच दिवशी उरकणं.

माझ्या आत्याचं सांगतो. वय ७४, राहायला सांगलीला. कॉलनीच्या समाजमंदिरात मोफत कान तपासणीचं शिबिर होतं. हॉलमध्ये तीन पंखे फिरताहेत, शेजारच्या टेबलावर लोकांचा रक्तदाब बघताहेत आणि आत्याच्या कानांवर हेडफोन. दहा मिनिटांत कागद हातात आला, संध्याकाळपर्यंत दोन मशीनं घरी आली. बिल ६८ हजार. आठ दिवसांनी मी गेलो तर मशीनं कपाटात. का लावत नाहीस विचारलं तर म्हणाली, "अरे, माझाच आवाज मला रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येतो."

मी तो कागद मागून घेतला. ऑडिओग्राम, म्हणजे कान तपासणीचा आलेख, वाचणं अवघड नाही. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या. डाव्या टोकाला २५० हर्ट्झ, म्हणजे जाड, घुमणारे आवाज. उजव्या टोकाला ८०००, म्हणजे बारीक, टोकदार आवाज. रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. आत्याची रेघ जाड आवाजांनाच ५० डेसिबलपर्यंत खाली गेलेली. पंख्यांची घरघर नेमकी त्याच आवाजांवर बसते. त्या घरघरीमागे दबलेला तपासणीचा बीप आत्याला ऐकूच आला नाही आणि दोष कानाच्या नावावर लिहिला गेला. मशीनही त्या कागदाबरहुकूम लावलेलं, म्हणून जाड आवाज भरमसाट वाढवलेले. तिचा रांजण तिथून आला होता.

कागदावर आणखी एक गोष्ट नव्हती. कानामागच्या हाडावर छोटा कंपक ठेवून एक वेगळी चाचणी करतात. हेडफोनची रेघ आणि हाडाची रेघ यांत अंतर पडलं, तर अडचण बाहेरच्या किंवा मधल्या कानात असते. मळ, पडद्याला भोक, पडद्यामागे साठलेलं पाणी अशी. यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. ही चाचणीच झाली नसेल तर तो अहवाल अर्धा समजावा.

आत्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. उजव्या कानातून हरभऱ्याएवढा काळा, कडक मळ निघाला. तेवढ्यात रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला आणि ती खुर्चीत दचकली. आठवड्याने आवाजबंद खोलीत पुन्हा तपासणी केली. जाड आवाज जवळपास ठीक होते, बारीक आवाज तेवढे गेले होते, वयानुसार जातात तसे. विक्रेता आधी तयार नव्हता, पण नवा कागद पुढे ठेवल्यावर त्याने तीच मशीनं पुन्हा सेट करून दिली आणि कान पूर्ण न बुजवणारा, छिद्रांचा डोम, म्हणजे कानात जाणारं मऊ टोक, बसवला. तीच ६८ हजारांची मशीनं. आता ती सकाळी अंघोळ झाली की लावते आणि झोपताना काढते.

म्हणून माझा शिरस्ता असा: आधी डॉक्टर, मग ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणारे तज्ज्ञ), मग चार दिवस काहीच नाही. अहवाल घरी आणायचा, तो आपला आहे. तपासणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे सरळ विचारायचं. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. मुंबईकरांनी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तपासून घ्यावं. १९८३ पासून ती याच कामासाठी उभी आहे. मशीन मग कुठूनही घ्या.

तपासणीत शब्दही ऐकवायला लावा आणि तेही मराठीतले. "ऐकू येतं, पण समजत नाही" ही तक्रार बीपच्या चाचणीत दिसत नाही.

दुसरी चूक मला जास्त छळते: पहिल्या आठवड्यात हार मानणं. चष्मा लावला की लगेच दिसतं, म्हणून लोकांना कानाचंही तसंच वाटतं. तसं नसतं. कित्येक वर्षं मेंदूपर्यंत न पोचलेले आवाज एकदम आत येतात. मला पहिल्या दिवशी वर्तमानपत्राचं पान उलटण्याचा आवाज पत्रा फाडल्यासारखा आला होता. भांड्यांचा तर सहनच होईना. मी दिवसाला दोन तास, तेही घरात एकटा असताना, इथून सुरुवात केली. अग्रलेख मोठ्याने वाचायचो. लग्नाला किंवा हॉटेलात जायला महिना जाऊ दिला. आणि खिशात वही ठेवली. "कुकरची शिट्टी टोचते", "नात बोलते ते कळत नाही, सून बोलते ते कळतं", "जिन्यात स्वतःचा आवाज घुमतो", असं नेमकं लिहायचो. ती वही घेऊन पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा सेटिंग बदलून आणलं. नुसतं "बरोबर वाटत नाही" म्हटलं तर समोरचा काय बदलणार? ज्यांना चार खेपा घालायचा धीर नाही, त्यांनी महागडं मशीन घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. खरेदीआधी विचारायचा प्रश्नही हाच: सेटिंगच्या किती भेटी किमतीत धरल्या आहेत?

मुलांनी परदेशातून परस्पर ऑनलाइन मागवलेलं हजार-दोन हजारांचं यंत्र बहुधा सगळेच आवाज सरसकट मोठे करतं. ते आणि कानाचं मशीन एक नव्हे.

मशीनमध्ये किती चॅनेल आहेत, म्हणजे जाड-बारीक आवाजांचे किती भाग पाडून ते वेगवेगळे सेट होतात, याची चौकशी कमी करा, दुकान घरापासून किती लांब आहे याची जास्त.

दोन्ही कान कमी असतील तर पैसे वाचवायला एकच मशीन घेऊ नका. आवाज कुठून आला ते कळत नाही आणि गर्दीत फार हाल होतात.

मशीनवर जीएसटी लागत नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर मशीनचा अनुक्रमांक हवा.

मशीनमधून शिट्टी वाजते म्हणून आवाज कमी करून बसू नका. मोल्ड (कानाच्या मापाचा साचा) किंवा डोम नीट बसलेला नसतो, नाहीतर कानात मळ असतो.

मशीनच्या सेलवरचं स्टिकर काढलं की सेल हवेमुळे चालू होतो. परत चिकटवून उपयोग नाही. काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवा. स्टिकरचा रंग लक्षात ठेवा: ३१२ नंबरच्या सेलचा तपकिरी, १३ नंबरच्या सेलचा नारिंगी. जुने सेल नातवंडांच्या हाती लागू देऊ नका, गिळले तर जिवावर बेततं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, मशीन रात्री सेलचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

आणि सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर तो मशीनचा विषय नाही. सर्दीने दडा बसला असेल म्हणून वाट पाहू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठा. उपचार पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाले तर ऐकणं परत येण्याची आशा जास्त असते.