जुन्या पुण्यातील संध्याकाळची फेरी : या चुका टाळा

तांबट आळीपासून शनिवारवाड्यावरून मंडईपर्यंतची वाट दोन किलोमीटरांच्या आसपासच आहे. त्यामुळे पाहुण्यांना संध्याकाळी जुने पुणे दाखवणे सोपे आहे, असे वाटते आणि बहुतेक चुका नेमक्या याच समजुतीतून होतात. गेली काही वर्षे मी लहान गटांना घेऊन या भागातून फिरतो. पुढे सांगितलेल्या बऱ्याचशा चुका माझ्याही हातून झालेल्या आहेत.

सर्वांत महागात पडते ती वेळेची चूक. जूनअखेरीस पुण्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, तर नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारासच. तरीही अनेक फेऱ्या वर्षभर एकाच ठरावीक वेळेला सुटतात. एका डिसेंबरात मी साडेसहाला निघालो आणि विश्रामबागवाड्यापाशी पोचेपर्यंत काळोख झाला. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेल्या या वाड्याचे वैभव म्हणजे दर्शनी भागातील सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आणि त्यांवरील केळफुलांचे कोरीव काम. ते मोबाइलच्या झोतात दाखवू लागलो, तेव्हा ध्यानात आले की समोरून प्रकाश पडला की लाकडावरच्या सावल्या नाहीशा होतात आणि सावली गेली की कोरीव काम सपाट दिसते. त्या दिवसापासून मी घड्याळाऐवजी सूर्यास्त धरतो आणि त्याच्या दीड तास आधी निघतो. उजेड लागणारी ठिकाणे पूर्वार्धात घ्यावीत. तुळशीबाग आणि मंडई दिव्यांच्या प्रकाशातही उत्तम दिसतात, म्हणून ती शेवटी ठेवावीत.

याच कारणाने सुरुवात कसब्यातील तांबट आळीपासून करावी, कारण दिवेलागणीनंतर तिथले हातोडे थांबतात. तांब्याच्या भांड्यावर ओळीने पडत जाणारे मठारकामाचे ठोके जवळ उभे राहून पाहावेत : प्रत्येक ठोक्यागणिक एक बारीक खोलगट ठसा उमटतो, त्यात उजेडाचा एक ठिपका थांबतो आणि हळूहळू सगळे भांडे चमकू लागते. पाच मिनिटे बोलण्यापेक्षा दोन मिनिटे ऐकू द्यावे. मात्र कारागिराची परवानगी घेतल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत आणि त्याच्या उजेडाच्या आड उभे राहू नये.

दुसरी मोठी चूक ऐकीव गोष्टींना इतिहास म्हणून सांगण्याची. शनिवारवाड्यापाशी पोचताच पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणाऱ्या ‘काका, मला वाचवा’ या हाकेची कथा सांगण्याचा मोह होतो, कारण अंधार पडत असतो आणि माणसे ऐकायला उत्सुक असतात. प्रत्यक्षात नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, गणेशोत्सवाच्या दिवसांत आणि भरदिवसा झाला. म्हणजे पौर्णिमाही नव्हती आणि रात्रही नव्हती. अठरा वर्षांच्या आसपासचा पेशवा आपल्याच वाड्यात मारला जातो आणि रामशास्त्री प्रभुणे त्या प्रकरणात राघोबादादांना दोषी धरतात, ही हकिगत कोणत्याही भुताच्या गोष्टीपेक्षा अंगावर येणारी आहे. ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा सांगायचीच असेल, तर आख्यायिका म्हणूनच सांगावी. तसेच आजचा लाल महाल ही महापालिकेने उभारलेली नवी वास्तू आहे, हे आधीच स्पष्ट करावे. नाहीतर पाहुणा शिवकालीन भिंतीला हात लावल्याच्या समजुतीने परत जातो.

शनिवारवाड्याचे आतले दर्शन मात्र या फेरीत धरू नये. प्रवेश संध्याकाळी बंद होतो आणि तिकिटांच्या रांगेत उरलेला उजेड निघून जातो. दिल्ली दरवाजावरचे हत्तींना अडवणारे खिळे बाहेरूनच नीट दिसतात.

पाहण्यासारखे काही उरले नाही म्हणून एखादी जागा गाळणे, ही चूक मला सर्वांत अधिक खटकते. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये ज्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली, तो वाडा स्मारकासाठी २०२३ मध्ये पाडण्यात आला. तरीही दगडूशेठ गणपतीसमोरच्या त्या जागी थांबावेच आणि त्या काळी घरातून शाळेपर्यंत पायी जाणे हेच मुलींसाठी आणि शिक्षिकेसाठी किती धैर्याचे होते, हे त्याच रस्त्यावर उभे राहून सांगावे.

बोलण्याची जागा चुकली, तर उत्तम माहितीही वाया जाते. शिवाजी रस्त्याच्या कडेला वीस माणसांपुढे ओरडून बोलल्याने मागच्यांना ऐकू येत नाही आणि दुकानदाराची पायरी अडते. प्रस्तावना आधी एखाद्या शांत बोळात सांगावी आणि रस्त्यावर फक्त बोट दाखवावे. बांगड्या आणि भांड्यांच्या दुकानांमधल्या चिंचोळ्या वाटेने तुळशीबागेच्या राममंदिराच्या आवारात शिरले की बाजाराचा गलका एकदम मागे पडतो. १७६१ मध्ये नारो अप्पाजी खिरे यांनी बांधायला घेतलेल्या या मंदिराची गोष्ट तिथेच, हळू आवाजात सांगावी. मात्र नाड्यांचे बूट घालून येऊ नये, असे सर्वांना आदल्या दिवशीच कळवावे. वीस जणांचे बूट काढण्या-घालण्यात दहा-पंधरा मिनिटे सहज जातात.

गटातील कोणी गर्दीत मागे राहिले, तर शोधत मागे फिरू नये, कारण मग दोघेही चुकतात. एक माणूस कायम सर्वांच्या शेवटी ठेवावा आणि चुकलेल्याने मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखाली यावे, हे निघतानाच ठरवावे. पावसाची सर आली, तर राहणाऱ्या माणसांच्या वाड्यांत न विचारता आसरा घेऊ नये. विश्रामबागवाड्याजवळ असाल, तर सरळ मंडई गाठावी. १८८६ मध्ये सुरू झालेल्या त्या छपराखाली भाजीचे गाळे पाहत अर्धा तास चांगला जातो, आणि पाऊस थांबलाच नाही, तर मंडईचे मेट्रो स्थानक जवळच आहे.