तार षड्जाला टोचणारा माइक

गणपतीत भावगीतं गाते. मांडववाल्याच्या माइकवर तार षड्ज (वरच्या सप्तकाचा सा) कानात घुसायचा, शब्दांतलं ‘स’ अक्षर शिट्टीसारखं वाजायचं. मला वाटलं, गळाच बिघडलाय.

ओळखीच्या साउंडवाल्या दादांनी दोन माइक आणले, श्युअर एसएम ५८ आणि सेनहायझर ई ८३५. एकाच स्पीकरवर, आवाज सारखा ठेवून, एक ओळ मंद्रात (खालच्या सप्तकात), एक तारात गायले. ५८ जवळून भरदार, पण माझा मध्य सप्तक त्यात जरा दबला. ई ८३५ वर शब्द मोकळे आले, तोच घेतला. (जाड आवाजाच्या मैत्रिणीला ५८ च शोभला, म्हणून स्वतः गाऊनच घ्या.) कंडेन्सर, म्हणजे जास्त संवेदनशील जातीचा माइक, टाळला. त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (मिक्सरकडून केबलमधून येणारी वीज) लागतो, शिवाय शेजारची ढोलकीही त्यात भरपूर येते.

निम्मं काम मात्र हाताने केलं. मी जाळी मुठीत धरायचे. त्याने माइक मागच्या बाजूचंही ऐकू लागतो आणि फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून होणारी कर्कश किंचाळी, येतो. आता हात खाली दांड्यावर, मॉनिटर (माझा आवाज मला ऐकवणारा स्पीकर) माइकच्या बरोबर पाठीमागे. मंद्राला ओठ जाळीपासून दोन बोटांवर, तार षड्जाला वीतभर लांब. मिक्सरवर १०० हर्ट्झखालचं, म्हणजे अगदी खालचा घुमणारा आवाज, कापलं.

यंदा शेवटच्या रांगेतल्या आजींना प्रत्येक शब्द कळला.